बीडीएससाठी नीटची तयारी: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

बारावीला जीवशास्त्रात नव्वदच्या पुढे गुण आणि नीट या वैद्यकीय-दंतवैद्यकीय प्रवेश परीक्षेत सातशेवीसपैकी जेमतेम तीनशे. निकाल लागला की असं गुणपत्रक घेऊन कुणी ना कुणी माझ्यासमोर येऊन बसतं. बहुतेकांनी अभ्यास केलेला असतो, काहींनी तर जरा जास्तच. चुकलेला असतो तो कामांचा क्रम. मॉक टेस्ट (सराव परीक्षा) एप्रिलमध्ये सुरू केलेली असते, अभ्यासक्रम कधी उघडून पाहिलेला नसतो आणि जातीच्या दाखल्याची आठवण थेट प्रवेशाच्या कॅप राउंडला होते. म्हणून बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, जायचं असलेल्यांसाठी हा लेख कामं ज्या क्रमाने करायला हवीत त्याच क्रमाने लिहिला आहे. मधले टप्पे गाळून पुढे जाऊ नका. राज्य मंडळाच्या मुलांनी तर तिसरा टप्पा अजिबात गाळू नये.

## टप्पा १: परीक्षा नेमकी कोणती ते पक्कं करा

दंतवैद्यकाला वेगळी प्रवेश परीक्षा नाही. एमबीबीएसला जाणारा विद्यार्थी देतो तीच नीट-यूजी बीडीएसला जाणाऱ्यालाही द्यावी लागते. पेपर तोच आणि गुणवत्ता यादीही तीच. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटाचे गुण बीडीएसला चालत नाहीत, तरीही 'सीईटी चांगली गेलीय, डेंटल मिळेल ना?' हा प्रश्न दरवर्षी येतो.

२०२५ पासून पेपर असा आहे: एकूण १८० प्रश्न, सगळे सोडवायचे, वेळ १८० मिनिटं. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला वजा १, कोरं सोडलं तर शून्य. आधीच्या काही वर्षांत 'ब' विभागातले काही प्रश्न सोडायची मुभा होती आणि वेळही वीस मिनिटं जास्त होता. जुने पेपर सोडवताना हे विसरलात तर गुणांचा आणि वेळेचा अंदाज चुकतो.

बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. शिवाय पीसीबी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के हवेत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली असावीत.

सावध: 'पात्र' होणं आणि जागा मिळणं यांत फार अंतर आहे. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता रेषा १४४ गुणांवर होती. १४४ म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, एवढंच. 'डेंटलच तर हवंय, मग कमी अभ्यास चालेल' असं म्हणणाऱ्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांच्या सीईटी सेलच्या (राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या कक्षाच्या) यादीत आपल्या प्रवर्गाची शेवटची जागा कोणत्या गुणांवर गेली ते काढून भिंतीवर चिकटवावं. शासकीय आणि खासगी महाविद्यालयांचे आकडे वेगवेगळे लिहा. त्यांतला फरक पाहिला की कमी अभ्यासाचा विचार मागे पडतो.

## टप्पा २: कागदपत्रं अकरावीतच सुरू करा

हा टप्पा अभ्यासाच्या आधी ठेवला याचं नवल वाटेल. पण अभ्यास तुमच्या हातात असतो, दाखले तुमच्या हातात नसतात.

पहिलं काम नावाचं. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि अकरावीचा प्रवेश, या तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळतात का ते पाहा. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. आधारवर वडिलांचं नावच नाही. अशा बारीक गोष्टी अर्ज भरायच्या आठवड्यात दुरुस्त होत नाहीत.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना राज्याच्या प्रवेशासाठी जात प्रमाणपत्रासोबत जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. त्याचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो. वडिलांची किंवा काकांची व्हॅलिडिटी असेल तर काम हलकं होतं. नसेल तर आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधण्यापासून सुरुवात, आणि त्यात महिने जातात. नॉन-क्रिमीलेअरवर मुदत छापलेली असते आणि ती बहुधा ३१ मार्चला संपते, प्रवेश मात्र त्यानंतर काही महिन्यांनी असतो. गेल्या वर्षीचा दाखला फाइलमध्ये आहे म्हणून निवांत बसू नका. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखलाही चालू आर्थिक वर्षाचा लागतो.

आता सर्वांत जास्त गोंधळाची गोष्ट. नीटचा अर्ज केंद्राचा आहे, त्यामुळे त्यातला प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे भरायचा. केंद्रात व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) किंवा एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असा प्रवर्ग नाही. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल आणि केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला असेल तरच तिथे ओबीसी भरा. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) हा राज्याचा प्रवर्ग आहे, नीटच्या अर्जात तो नसतो. राज्यातला तुमचा प्रवर्ग नंतर सीईटी सेलच्या नोंदणीत स्वतंत्रपणे भरायचा असतो. नीटच्या अर्जात 'जनरल' भरलं म्हणून राज्यातलं आरक्षण जात नाही.

पेपरची भाषाही अर्जातच ठरते. मराठी निवडता येते. प्रश्नपत्रिका मराठी-इंग्रजी दोन्हींत मिळते आणि अनुवादात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. माझं मत स्पष्ट आहे: अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीतून शिकला असाल तर इंग्रजीच घ्या. घरी मराठी बोलतो म्हणून मराठी पेपर सोपा जात नाही. 'वृक्काणू' वाचून तो नेफ्रॉन आहे हे आठवण्यात पाच सेकंद जातात, आणि असे शब्द पेपरभर असतात.

तपासा: एका कागदावर दोन रकाने पाडा, 'केंद्र' आणि 'राज्य'. प्रत्येकात प्रवर्ग, दाखल्याचं नाव आणि मुदत लिहा. एखादी चौकट रिकामी राहिली तर आजच तहसील किंवा सेतू केंद्राची चौकशी करा.

## टप्पा ३: दोन अभ्यासक्रम एकमेकांवर ठेवून पाहा

राज्य मंडळाची मुलं सर्वाधिक मार खातात ती इथे. बोर्डाची परीक्षा बालभारतीच्या पुस्तकांवर असते आणि नीटचे प्रश्न एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकांच्या, अंगाने येतात. दोन्हींत विषय बरेचसे तेच असले तरी इयत्ता आणि मर्यादा वेगळ्या आहेत.

एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) संकेतस्थळावरून नीटचा अधिकृत अभ्यासक्रम छापून घ्या. शेजारी बालभारतीची अनुक्रमणिका ठेवा आणि तीन रंगांच्या पेनांनी खुणा करा: दोन्हीकडे आहे, फक्त बोर्डाला आहे, फक्त नीटला आहे. दोन तासांचं काम आहे. ते न केल्यामुळे काय होतं ते पाहा.

बोर्डाच्या बारावीच्या रसायनशास्त्राचा पहिलाच धडा घन अवस्थेचा. जूनमध्ये नवी वही, नवा उत्साह, मुलं त्यावर तीन आठवडे घालवतात. नीटच्या अभ्यासक्रमातून तो २०२४ मध्येच गेला. शेवटचे दोन धडे, बहुवारिकांचा आणि हरित व नॅनो रसायनशास्त्राचा, तेही नीटला नाहीत. जीवशास्त्रात वनस्पती व पाणी यांच्या संबंधाचा धडा आणि खनिज पोषणाचा भाग बोर्डाला आहे, नीटला नाही. हे बोर्डापुरतं करा आणि पुढे चला.

उलटही घडतं. रक्ताभिसरण, चेतासंस्था, घूर्णन गती, द्रवांचे गुणधर्म, दोलनं, रासायनिक उष्मागतिकी हे सगळं एनसीईआरटीत अकरावीला आहे आणि आपल्याकडे बारावीला. 'आधी अकरावी पूर्ण संपवा' हा दिल्ली किंवा कोटा पद्धतीचा सल्ला जशाच्या तसा पाळला तर कॉलेजात एक चालतं आणि घरी दुसरं. बोर्डाच्या वर्गात ज्या आठवड्यात रक्ताभिसरण चालू असेल त्याच आठवड्यात एनसीईआरटी अकरावीचा तो धडा वाचा.

तिसरा फास कमी लोकांना ठाऊक असतो. एनसीईआरटीच्या नव्या, कमी केलेल्या पुस्तकांतून पी-ब्लॉक मूलद्रव्यांचे धडे काढून टाकले आहेत. नीटच्या अभ्यासक्रमात मात्र ते आहेत. 'फक्त एनसीईआरटी वाच' असं ऐकून नवं पुस्तक पाठ केलेल्या मुलाला हा भाग कधी दिसतच नाही. इथे आपली बालभारती उपयोगी पडते, कारण गट १३ ते १५ अकरावीत आणि १६ ते १८ बारावीत आहेत. प्रायोगिक रसायनशास्त्राचं तसंच. क्षार विश्लेषण आणि अनुमापन प्रयोगवहीत असतं, आणि ती वही बहुतेकांनी मित्राची पाहून उतरवलेली असते. भौतिकशास्त्रातही प्रायोगिक कौशल्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. व्हर्नियर आणि स्क्रू गेजवर प्रश्न येऊ शकतो, तेव्हा प्रयोगशाळेत निदान एकदा वाचन स्वतःच्या हाताने घ्या. वनस्पतींच्या बाह्यरचनेत कुळांची यादीही अभ्यासक्रमात नव्या पुस्तकापेक्षा मोठी आहे.

जाता जाता एक गंमत. माणसाचं दंतसूत्र, २१२३, ज्या पचनसंस्थेच्या धड्यात येतं, तो धडाच नीटच्या अभ्यासक्रमातून वगळला आहे. दाताचा डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाला दातांवर प्रश्न नाही. बोर्डाच्या अकरावीत तो अजून आहे, तिथे आवडीने वाचा.

तपासा: तिरंगी खुणांची अनुक्रमणिका टेबलासमोर लागली का? लागली नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा ४: तयारी सुरू करण्याआधीच एक पूर्ण पेपर द्या

'अजून काही झालंच नाही, पेपर कसा देऊ?' म्हणूनच द्या. मागच्या वर्षीचा खरा पेपर घ्या, दुपारी दोन ते पाच एका जागी बसा आणि ओएमआर पत्रिका (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) छापून तिच्यावर उत्तरं भरा. गुण कुणाला दाखवायचे नाहीत. शंभर आले तरी हरकत नाही.

यातून दोन गोष्टी कळतात: प्रश्न किती लांब असतात आणि तीन तास बसणं किती जड जातं. दुसऱ्या तासात लक्ष उडतं ते नेमकं कितव्या मिनिटाला, ते लिहून ठेवा.

## टप्पा ५: विषय कसे धरायचे

### जीवशास्त्र: अर्धा पेपर, आणि सगळ्यात फसवा विषय

३६० गुण इथे आहेत. गुण समान झाले तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, हे आणखी एक कारण. तरी मुलं इथेच गाफील राहतात, कारण वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

करून पाहा. ईसीजीचा परिच्छेद दोनदा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आलेख काढून प्रत्येक तरंगाखाली अर्थ लिहा. पी म्हणजे अलिंदांचं विध्रुवीकरण. क्यूआरएस म्हणजे निलयांचं विध्रुवीकरण. टी म्हणजे निलयांचं पुन्हा पूर्वस्थितीत येणं. इथपर्यंत बहुतेकांना जमतं. आता पुस्तक उघडा. टी तरंग संपतो तिथे आकुंचन संपतं, हे वाक्य लिहिलं होतं का? क्यूआरएस मोजले की ठोक्यांचा दर कळतो, हे? प्रश्न या वाक्यांवर येतात आणि दोनदा वाचूनही ती निसटलेली असतात. दहा वेळा पिवळा मार्कर फिरवल्यावरही ती निसटतातच. जे लिहिता आलं नाही तेवढंच लाल पेनने समासात लिहा. पुढच्या वाचनाला पूर्ण पान वाचायचं नाही, फक्त समास.

आकृत्यांची नावं, तक्ते आणि आकृतीखालची बारीक ओळ सोडू नका. जोड्या लावा आणि विधान-कारण हे प्रकार तिथूनच निघतात.

विधान-कारण प्रश्नाचा क्रमही ठरवून घ्या. आधी पर्याय झाकून विधान खरं की खोटं ते ठरवा, मग कारण खरं की खोटं. दोन्ही खरी असतील तरच मध्ये 'कारण' शब्द घालून मोठ्याने वाचा. सगळं एकदम वाचणारा विद्यार्थी दोन खरी वाक्यं दिसली की पहिला पर्याय काळा करतो.

### रसायनशास्त्र: तीन विषय समजा

भौतिक रसायनशास्त्राला रोज आठ-दहा उदाहरणं. सेंद्रियला अभिक्रियांचा एकच मोठा तक्ता, स्वतःच्या हाताने काढलेला. अकार्बनीला थोडं थोडं पण वारंवार. अकार्बनी शेवटच्या महिन्यावर टाकणं ही नेहमीची चूक. पाठांतराचा भाग शेवटी केला तर ताजा राहील असं वाटतं, प्रत्यक्षात बेरियम आणि बेरिलियम एकमेकांत मिसळतात.

### भौतिकशास्त्र: सोडायचं नाही, निवडायचं

'फिजिक्स सोडलं तरी बायोवर डेंटल होतं' हा सल्ला वरच्या वर्गातली मुलं हमखास देतात. हिशेब करा. भौतिक पूर्ण सोडलं तर कमाल ५४० उरतात, आणि उरलेल्या दोन विषयांत तुम्ही ७० टक्के गुण मिळवले तर ३७८. त्यात भौतिकचे नुसते वीस प्रश्न बरोबर आले तर आणखी ८० गुण. २०२५ चा भौतिकचा भाग इतका अवघड गेला की हुशार मुलंही गडबडली. अशा वर्षी सोपे वीस प्रश्न शोधून काढणाऱ्याला मोठा फायदा होतो.

सुरुवात करावी ती अर्धवाहक, आधुनिक भौतिकी, विद्युतधारा, किरण प्रकाशिकी, उष्मागतिकी आणि मापन-एककं यांपासून. सूत्रं मर्यादित आणि प्रश्न बऱ्यापैकी सरळ. घूर्णन गती नंतर. सूत्रांची वही करा, पण प्रत्येक सूत्राखाली ते कधी लागू होत नाही हेही लिहा. गतीची तीन समीकरणं त्वरण स्थिर असेल तरच चालतात, ही ओळ जिच्या वहीत असते ती मुलगी अर्ध्या चुका टाळते.

सावध: एका विषयाला एक पुस्तक आणि एक प्रश्नसंच. तिसरं पुस्तक विकत घ्यायची इच्छा झाली तर आधी पहिल्यातले किती प्रश्न सोडवून झालेत ते मोजा.

## टप्पा ६: मॉक टेस्ट आणि चुकांची वही

मॉक टेस्ट अभ्यासक्रम संपल्यावर द्यायची नसते. निम्मा झाला की पंधरवड्याला एक, बोर्डानंतर आठवड्याला दोन. तीनपेक्षा जास्त नकोत, कारण एका पेपरच्या तीन तासांमागे तपासणीचे निदान तीन तास लागतात. रोज एक पेपर देऊन गुणांचा आलेख काढणारी मुलं मी पाहिली आहेत. आलेख सुबक असतो, फक्त वर जात नाही.

तपासणी अशी करा. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला चारपैकी एक खूण:

म — माहीतच नव्हतं.
वि — वाचलं होतं, आठवलं नाही.
घ — घाईत वाचलं किंवा आकडेमोड चुकली.
अं — अंदाज मारला.

औषध खुणेप्रमाणे बदलतं. 'म'ला पुस्तक, 'वि'ला कोऱ्या कागदावरची उजळणी, 'घ'ला सवय आणि 'अं'ला हिशेब. सगळ्यांवर एकच उपाय म्हणून धडा पुन्हा वाचत बसलात तर 'घ' कधीच सुटत नाही.

'घ'चं एक उदाहरण जवळून पाहू. ताशी ७२ किमी वेगाने जाणारी गाडी एकसमान मंदनाने ५ सेकंदांत थांबते, तर तिने किती अंतर कापलं? एका मुलाने १८० मीटरवर खूण केली. सरासरी वेग ३६, गुणिले ५. पद्धत बरोबर, पण एकक बदललंच नाही. ७२ ला ५/१८ ने गुणलं की सेकंदाला २० मीटर, सरासरी १०, अंतर ५० मीटर. आणि १८० हा पर्याय तिथे मुद्दाम ठेवलेला होता. पेपर काढणाऱ्याला ही चूक आधीपासून ठाऊक असते. त्या मुलाने वहीत लिहिलं होतं, 'सिली मिस्टेक'. यातून काहीच हाती लागत नाही. लिहायला हवं होतं: 'किमी/तास दिसलं की पेन टेकवण्याआधी ५/१८.' वहीतली प्रत्येक नोंद पुढच्या वेळी हाताने काय करायचं ते सांगणारी असावी.

आता अंदाजाचा हिशेब. 'ठाऊक नसेल तर हातच लावू नका' असं सरसकट सांगतात. पाच अंदाजांपैकी एक बरोबर आला तर ४ मिळतात, ४ जातात, हिशेब शून्य. म्हणजे तुमचे अंदाज पाचात एकापेक्षा जास्त बरोबर येत असतील तर फायदा, कमी येत असतील तर तोटा. चारातला एक पर्याय खात्रीने कापता आला तर सरासरीत प्रश्नामागे दोन-तृतीयांश गुण पदरात पडतो, दोन कापता आले तर दीड. मात्र हे गणित डोळे मिटून मारलेल्या बाणाचं आहे. अर्धवट वाचलेल्या धड्यावर 'बहुतेक हेच' म्हणून मारलेला बाण त्याहून वाईट असू शकतो, कारण फसवा पर्याय अर्धवट माहिती असलेल्यालाच ओढतो. तेव्हा मॉकमध्ये प्रत्येक अंदाजाच्या प्रश्नाला टिंब द्या आणि चार पेपरनंतर टिंबांतले किती बरोबर आले ते मोजा. विषयवार मोजा. कित्येकांचे रसायनचे अंदाज बरे असतात आणि भौतिकचे बुडवतात.

तपासा: शेवटच्या तीन मॉकमध्ये 'घ'ची संख्या घटली का? तीच असेल तर चौथा पेपर देऊ नका. त्या तीन पेपरांतले 'घ' प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवा.

## टप्पा ७: बोर्डाचे महिने

जानेवारीच्या मध्यापासून लेखी परीक्षा संपेपर्यंत बोर्डाला प्राधान्य. पीसीबीचे ५० टक्के हुकले तर नीटचे गुण कपाटात ठेवावे लागतात. या काळात नीटसाठी रोज एकच तास, तोही जीवशास्त्राच्या समासातल्या लाल नोंदी आणि बहुपर्यायी प्रश्न. भौतिकची उदाहरणं थोडी मागे पडतील, पडू द्या. प्रात्यक्षिक परीक्षा मात्र हलक्यात घेऊ नका, तिथले गुण पीसीबीच्या टक्केवारीत धरतात.

## टप्पा ८: बोर्ड ते नीट, सहा-सात आठवडे

बोर्ड संपल्यावर दोन दिवस झोपा. त्याहून जास्त नको.

पहिले चार आठवडे: सकाळी भौतिक किंवा रसायनची उदाहरणं, दुपारी दोन ते पाच मॉक किंवा तिची तपासणी, संध्याकाळी जीवशास्त्र. दुपारचा वेळ मुद्दाम ठरवला आहे. नीट भर दुपारी असते, आणि एप्रिलमध्ये दुपारी जेवून झोपायची सवय लागलेला मेंदू मेमध्ये त्याच वेळी जांभया देतो.

नंतरचे दोन आठवडे नवं काही घ्यायचं नाही. चुकांची वही, लाल समास, अभिक्रियांचा तक्ता, सूत्रं. शेवटच्या चार दिवसांत मॉक बंद. आदल्या दिवशीच्या पेपरमध्ये गुण कमी आले की रात्रीची झोप जाते, बाकी हाती काही लागत नाही.

## टप्पा ९: परीक्षेचा दिवस आणि ओएमआर

प्रवेशपत्रावरचं केंद्र आदल्या दिवशी डोळ्यांनी पाहून या. एकाच संस्थेच्या दोन इमारती असतात आणि रिक्षावाला चुकीच्या फाटकाशी सोडतो. पेपर दोनला असतो, पण फाटक त्याआधीच बंद होतं. २०२५ ला ते दीड वाजता बंद झालं. त्यानंतर विनवण्या चालत नाहीत. साधे अर्ध्या बाह्यांचे कपडे, चप्पल, पारदर्शक पाण्याची बाटली, प्रवेशपत्र आणि त्यावर सांगितलेले फोटो, मूळ ओळखपत्र. पेन आत मिळतं.

प्रश्नपत्रिका हाती आली की आधी तिच्यावरचा संकेतांक आणि ओएमआरवरचा संकेतांक जुळतो का पाहा. जुळत नसेल तर तिथल्या तिथे हात वर करा.

वेळ अशी वाटून पाहा: जीवशास्त्र ५० मिनिटं, रसायन ५०, भौतिक ६०. उरली वीस. त्यातली दहा-बारा गोल काळे करण्यात जातात. एका गोलाला चार सेकंद धरली तरी १८० गोलांची १२ मिनिटं होतात, म्हणून 'शेवटी सगळं भरू' म्हणणारे पावणेपाचला घामाघूम असतात. एक पान सोडवून झालं की त्या पानाचे गोल भरा आणि शेवटचा प्रश्नक्रमांक बोटाने जुळवा. एक प्रश्न सोडल्यावर पुढचे सगळे गोल एका घराने सरकणं हा ओएमआरवरचा सगळ्यात महागडा अपघात. तो पान-पान पद्धतीत पाच-सहा प्रश्नांतच लक्षात येतो. तरीही भरलेला गोल बदलता येत नाही, त्यामुळे क्रमांक आधी पाहायचा, पेन नंतर टेकवायचं.

भौतिकमध्ये पहिल्या फेरीत दोन मिनिटांच्या पुढे कोणत्याही प्रश्नाशी झटापट नको. बाजूला गोल करा आणि पुढे जा. अवघड प्रश्नालाही चारच गुण आहेत.

## टप्पा १०: पेपर संपल्यावरची कामं

उत्तरतालिका आल्यावर आपल्या ओएमआरची प्रत उघडून प्रत्येक गोल ताडून पाहा. आक्षेप घ्यायचा तर २०२५ मध्ये प्रश्नामागे २०० रुपये शुल्क होतं आणि ते परत मिळत नाही. पाठ्यपुस्तकातल्या ओळीचा आधार असेल तरच घ्या.

निकालानंतरची मोठी चूक म्हणजे नीट दिली की आपोआप प्रवेशप्रक्रियेत आलो असं समजणं. नोंदणी दोन ठिकाणी करावी लागते. शासकीय दंत महाविद्यालयांतल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते. राज्याच्या ८५ टक्के आणि खासगी महाविद्यालयांच्या जागा महाराष्ट्राची सीईटी सेल भरते. दोन्हींचे अर्ज, शुल्क आणि तारखा वेगळ्या. एकाची वाट पाहताना दुसऱ्याची तारीख निघून गेल्याची उदाहरणं दरवर्षी असतात.

पसंतीक्रम भरताना 'हे तर मिळणारच नाही' म्हणून वरची महाविद्यालयं गाळू नका. क्रम आवडीचा लावा, गुणांच्या अंदाजाचा नको. जागा देताना यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते, त्यामुळे वर मोठं नाव लिहिलं म्हणून खालची जागा हातची जात नाही. खासगी महाविद्यालयाचं नाव लिहिण्याआधी त्याचं त्या वर्षीचं शुल्क घरच्यांसमोर मोठ्याने वाचा. बीडीएस चार वर्षांचं आणि त्यापुढे एक वर्ष आंतरवासिता, तेव्हा वसतिगृह, खानावळ आणि दातांच्या प्रतिकृती कोरायच्या साहित्याचा खर्चही त्याच कागदावर मांडा.

आणि रिपीटर असाल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि डोमिसाईल निकालाच्या आधीच तयार ठेवा. टप्पा दोनमधला दोन रकान्यांचा कागद आता पुन्हा काढा आणि प्रत्येक दाखल्याच्या मुदतीची तारीख पेन घेऊन एकदा तपासा.